तीन वाक्यांची हकीगत

जालिंदर बाही वर करून पलंगाच्या काठावर बसला होता. मी पर्स उघडली, काचेची कुपी काढून त्याला दाखवली आणि परत पर्समध्ये टाकली.

"आधी हकीगत, दादा. मग सुई."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. घरात चेष्टेखोर म्हणून माझंच नाव होतं. तो हसला, बाही आणखी वर सरकवली, आणि माझ्या तोंडाकडं नीट बघितल्यावर त्याचं हसू गेलं. सकाळचे आठ वाजले होते. आदल्या दुपारपासून त्याला सुई मिळाली नव्हती. नाक वाहत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या. मी नर्स, पुढचं सगळं मला पाठ होतं. दहापर्यंत घाम, बारापर्यंत पोटात पिळे, संध्याकाळी उलट्या. हकीगतीसाठी मी मुद्दाम दहाची वेळ कळवली होती, कारण घाम आलेल्या माणसाला बोलता येतं.

आमचं मांडवखडक फौजींचं गाव. घरटी एक माणूस तरी पलटणीत. गावचा जवान लढाईत पडला की तार येते, साहेबलोक येतात, सलामी होते, पण आईच्या लेखी त्यातलं काहीच खरं नसतं. त्याच्याबरोबर असलेला गावचा जो कुणी परत येतो, त्यानं तिच्या सोप्यात मांडी घालून बसायचं आणि तिचा पोरगा कसा गेला ते सांगायचं. याला आमच्याकडं हकीगत म्हणतात. ती होईपर्यंत त्या घरात गोडधोड होत नाही, कुणाला हळद लागत नाही. झाली की आई त्या माणसाला मेलेल्या मुलाच्या ताटात जेवायला वाढते, पहिला घास आपल्या हातानं भरवते, आणि मग घर पुन्हा सुरू होतं.

सांगायचं तरी किती? तीन वाक्यं. गोळी समोरून लागली. त्रास काही झाला नाही. जाताना आईचं नाव घेतलं. माझ्या आजोबांनी हीच सांगितली होती, अण्णांनी एकाहत्तरच्या लढाईनंतर हीच सांगितली. तीन पिढ्या गावातला प्रत्येक पोरगा समोरून गोळी खाऊन, त्रास न होता, आईचं नाव घेत गेला. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

प्रल्हाद करांडे कारगिलच्या वर्षी वर डोंगरात लढाईत पडला. जालिंदर त्याच्याच तुकडीत होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच ताटात जेवणारे. जालिंदरच्या कंबरेत लोखंडाचे तुकडे शिरले होते. चार महिने इस्पितळात काढून तो दिवाळीच्या सुमारास घरी आला, तो सुईची सवय घेऊनच. कुकरची शिट्टी वाजली की तो पलंगाखाली जायचा, आणि बाहेर यायला कधी तास लागायचा, कधी दिवस. जेवताना पाठ भिंतीला लावून बसायचा. रात्रभर बूट काढायचा नाही. आई त्याच्याशी लहान मुलासारखी बोलायची आणि नंतर मोरीत जाऊन रडायची.

त्याला सुया मी देत होते. तालुक्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कामाला होते. ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुखणं मारायचं इंजेक्शन लागतं, दोन लिहिलेली असली की एकात भागवता येतं. पहिल्या वेळी मला त्याची कीव आली होती. नंतर सोय झाली. सुई मिळाली की जालिंदर अंगणात उन्हात बसायचा, आईला शेंगा फोडून द्यायचा, माझ्या लग्नावरून मला चिडवायचा. आमचा जुना जालिंदर मी रोज सात-आठ तासांसाठी पर्समधून घरी आणत होते.

पण हकीगत सांगायला तो जाईना. प्रल्हादची आई, सगुणाकाकू, दोन गल्ल्या पलीकडं राहायची. तिचं घर टाळण्यासाठी तो ओढ्यातून फेरा घालून यायचा. काकूनं कधी निरोप धाडला नाही की कुणापाशी तक्रार केली नाही. सोप्यात घोंगडी अंथरलेली ठेवायची, बस. सहा महिने ती घोंगडी तशीच अंथरलेली होती.

आता माझं सांगते. प्रल्हादच्या मोठ्या भावाशी, सदाशिवशी, माझं ठरलेलं होतं. साखर कारखान्यात फिटर होता, कमी बोलणारा, भला माणूस. प्रल्हाद गेला आणि सगळं थांबलं. घरात माणूस गेलं की शुभकार्य वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वर्ष भरायला दीड महिना उरला होता. मी सव्वीस पुरी केलेली. एकोणतिसाव्या वर्षी मला कोण विचारणार होतं? सदाशिव थांबला असता, पण त्याच्या मामांनी दुसऱ्या मुली बघायला सुरुवात केल्याचं माझ्या कानावर आलं होतं. अण्णा जालिंदरवर ओरडून दमले. तीन वाक्यं आहेत, माझ्या बापानं सांगितली, मी सांगितली, तुझ्याच जिभेला काय झालंय, असं म्हणायचे. शेवटी मी अण्णांना म्हटलं, माझ्यावर सोडा.

आणि मी पर्स बंद केली.

जालिंदरनं आधी विनवण्या केल्या. मग अर्धी मागितली. अर्धी दे, उरलेली आल्यावर दे. मी नाही म्हटलं. मग तो खाली बघत म्हणाला, "तीन वाक्यं मला येत्यात गं. पण काकूनं काय इचारलं तर?"

काय विचारणार, असं मी म्हटलं. आजवर कुणी काही विचारलंय? त्याच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते. माझी वेळ बरोबर चालली होती.

"प्रल्हादनं जीव दिला, दादा," मी म्हटलं. "तुला तीन वाक्यं जड झाली?"

तो उठला, बाही खाली करून बटण लावलं आणि चपला शोधायला लागला. बूट पायातच आहेत हे त्याच्या लक्षात नव्हतं.

काकूच्या सोप्यात पाच-सहा माणसं होती. अण्णा, त्यांच्या वेळचे दोन म्हातारे फौजी, सदाशिव आणि दारात उभी मी. काकूनं पहाटे उठून शेंगदाण्याची पोळी केली होती, प्रल्हादला आवडायची म्हणून. वर्षभरात त्या घरात पहिल्यांदा गूळ फुटला होता. स्टीलचं ताट मांडलेलं होतं, कडेला प्रल्हादचं नाव कोरलेलं. काकू बारकी, पांढऱ्या केसांची बाई, ती नवं लुगडं नेसली होती.

जालिंदर घोंगडीवर मांडी घालून बसला. कंबर दुखत असणार, एका अंगावर कलला होता. हात थरथरत होते म्हणून त्यानं ते मांडीखाली दाबले.

"काकू, परल्याला गोळी समोरनं लागली," तो म्हणाला.

म्हाताऱ्या फौजींनी माना हलवल्या.

"तरास काय झाला न्हाई. जाताना तुमचं नाव घेतलं."

झालं. मी श्वास सोडला. अण्णांनी टोपी सारखी केली. सदाशिवनं माझ्याकडं बघितलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला नुसता आनंद झाला होता. भावाचं भानच नव्हतं मला. माझ्या डोळ्यांपुढं हळदीचा पाट होता. काकूनं पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, त्याच्या तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबली.

"लई दुखलं का रं त्याला?"

हा प्रश्न हकीगतीत नसतो. तरी उत्तर सोपं होतं. नाही काकू, एवढं म्हणायचं आणि तोंड उघडायचं. जालिंदरनं तोंड उघडलं खरं. घाम त्याच्या हनुवटीवरून घोंगडीवर पडत होता. त्याची नजर त्या घासावर होती.

"दुखलं," तो म्हणाला. "लई दुखलं, काकू."

अण्णांनी त्याच्या नावानं हाक मारली, धाक घालावा तशी. त्याला ती ऐकूच गेली नाही.

"पोटात लागलं हुतं त्याला. मी दोन हातावर पडलेलो, माझी कंबर फुटल्याली. आमचा मलमपट्टीवाला आधीच मेला हुता. मी सरपटत जाऊन त्याची झोळी उघडली. त्यात एकच सुई निघाली. परल्या म्हणला, मला दे. मी म्हणलो, देतो." तो थांबला. "देतो म्हणलो आणि मला टोचून घेतली."

काकूच्या हातातलं तूप तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग मला झोप लागली. सकाळी जाग आली तवा तो गप झाला हुता. खडकामागं आमचे लोक हुते, ते म्हणले रातभर वरडत हुता. तुमचं नाव घेतलं का न्हाई ते मला ठावं न्हाई, काकू. मी झोपलो हुतो. चांगली झोप लागली मला."

काकूनं तो घास परत ताटात ठेवला. मनगट पदराला पुसलं. मला वाटलं आता ती छाती बडवून घेईल, त्याच्या अंगावर जाईल. तिनं तसलं काही केलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुज्याजवळ हाय न्हवं सुई? आण हिकडं."

सगळ्या गावाला ठाऊक होतं म्हणजे. मला उगाच वाटत होतं की ते आमच्या चार भिंतींत आहे. मी पर्स उघडली आणि कुपी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उजेडात धरून बघितली, एवढीशी गोष्ट, आणि ताटात पोळीच्या शेजारी ठेवली.

"तुझा घास ह्यो," ती जालिंदरला म्हणाली. मग मला म्हणाली, "टोच त्याला. हितंच. मला बघायचं हाय."

अण्णा म्हणाले, वैनी, झालं ते झालं. तिनं त्यांच्याकडं मान वळवली नाही. मी जालिंदरकडं बघितलं. तो नको म्हणेल असं मला वाटलं होतं. निदान मान तरी खाली घालेल. त्यानं बटण काढलं, बाही कोपराच्या वर नेली आणि हात पुढं केला, त्या बाईच्या देखत, तिच्या मुलाच्या ताटावरून.

माझा हात जरासुद्धा हलला नाही. शीर एका झटक्यात सापडली.

थोड्या वेळात त्याचं तोंड सैल पडलं. खांद्यातली ताठरता गेली. खांबाला टेकून तो झोपला, ओठ किंचित उघडे, लहानपणी झोपायचा तसा. काकू त्याच्यासमोर मांडी घालून बघत बसली. म्हातारे फौजी उठून निघून गेले. ते गेल्यावरही ती बघत होती.

मग बोलली. आवाज अगदी साधा होता, भाजी काय करायची विचारावं तसा.

"हकीगत झाली. ह्या गावात पयल्यांदा खरी झाली. लग्नाची तारीख धरा. पण पोरी, ह्या घरात यायचं असंल तर ही शेवटची सुई. माझा पोरगा सकाळपोतर वरडला. ह्यानं बी वरडावं, आनि कुनी तरी ते ऐकावं. तू ऐक."

सदाशिव म्हणाला, आई, असं नको. तो माझ्याकडं बघत राहिला, मी काय म्हणते याची वाट बघत. मी उठून भावाला दंडाला धरून घरी नेऊ शकले असते. दार दोन पावलांवर होतं.

"बरं, काकू," मी म्हटलं.

लग्न नऊ दिवसांवर धरलं. गावात सगळे म्हणायला लागले की बरं झालं, एकदाचं पोराचं व्यसन सुटतंय, बहीण असावी तर अशी. अण्णांनी मागची खोली रिकामी करून जालिंदरला आत घातलं आणि बाहेरून कडी लावली. वाईट सवय मोडायची त्यांना तेवढीच रीत माहीत होती. मला दुसरी माहीत होती. सुई एकदम बंद करत नाहीत, कमी-कमी करत आणतात. माणसाला दवाखान्यात ठेवतात, सलाईन लावतात, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जाऊ देत नाहीत. हे मी डॉक्टरांना विचारू शकत होते. पण मग इतके दिवस सुया कुठून आल्या तेही सांगावं लागलं असतं. मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. पेजसुद्धा पोटात राहत नाही, डोळे खोल गेलेत, तू एवढी शिकलेली हाईस, काहीतरी कर, म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यांना असंच होतं, अजून दोन-तीन दिवस. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या हातात सुई धरायचं शिक्षण होतं, आईच्या हातात काहीच नव्हतं.

पाचव्या दिवशी मला हळद लागली. गल्लीतल्या बायका जमल्या, जात्यावर गाणी झाली, मला पाटावर बसवून चोळ-चोळ चोळलं. मागच्या खोलीतून आवाज येत होता म्हणून बायका जरा मोठ्यानं गात होत्या. हळद लागलेल्या नवरीनं घरातच एका जागी बसायचं असतं. मी बसले. बायका गेल्या आणि मग आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला.

आधी तो अर्धी मागत होता. मग पाणी. मग नुसतं माझं नाव. शाले, शाले, शाले. लहानपणी विहिरीवर पोहायला शिकवताना तो अशीच हाक मारायचा, मी काठ सोडावा म्हणून. आमच्या दोघांत एक भिंत होती. उशाला पर्स होती आणि पर्समध्ये एक कुपी होती. ती मी का ठेवली होती ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कडी काढून मीठ-साखरेचं पाणी जरी पाजलं असतं तरी चाललं असतं. माझे हात पिवळे होते, कडीला डाग पडला असता, सकाळी सगळ्यांना दिसलं असतं. हे मी खरोखर मनात म्हटलं.

मी वाकळ डोक्यावरून घेतली. पाच दिवसांची दमणूक होती अंगात, हळदीनं कातडी गरम झाली होती. कधीतरी हाका थांबल्या असतील.

मला झोप लागली. चांगली झोप लागली.

सकाळी पेजेची वाटी घेऊन आईनं कडी काढली.

जालिंदरच्या दहाव्यानंतर आई हट्टाला पेटली. माझ्या पोराची हकीगत झाल्याशिवाय मी तोंडात गोड घालणार नाही, म्हणाली. अण्णांनी समजावलं, म्हाताऱ्या फौजींनी समजावलं की हकीगत लढाईत पडलेल्याची असते, घरात गेलेल्याची नसते. आई ऐकेना. तेवढ्यात सगुणाकाकू आमच्या अंगणात आली. हातात फडक्यानं झाकलेली परात होती.

"तो लढाईतच गेला," ती म्हणाली. "हुईल हकीगत. शालन हुती की जवळ."

आमच्या सोप्यात घोंगडी अंथरली गेली. आईनं जालिंदरचं ताट मांडलं. काकूनं आणलेली शेंगदाण्याची पोळी त्यात वाढली. मी मांडी घालून बसले. समोर आई, तिच्या शेजारी काकू. माझ्या हातांवरची हळद पुरती गेली नव्हती.

"गोळी समोरनं लागली होती," मी म्हटलं. "त्रास काही झाला नाही. जाताना तुझं नाव घेतलं, आई."

आईनं डोळे पुसले. काकू माझ्याकडं बघत होती, त्या दिवशी जालिंदरकडं बघत होती तशीच. आईनं घास मोडला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. मग थांबली. मला कळलं ती काय विचारणार आहे.

"लई दुखलं का गं त्याला?"

"नाही, आई," मी म्हटलं आणि तोंड उघडलं.

आषाढ लागायच्या आत आमचं लग्न झालं, वाजंत्री नाही की मांडव नाही. मी करांड्यांच्या घरी जायला निघाले तेव्हा काकूनं माझ्या आईकडून एक वस्तू मागून घेतली, जालिंदरचं ताट. त्या घरात मी काकूबरोबर एकोणीस वर्षं काढली. ती मला कधी टाकून बोलली नाही. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. आणि एकदासुद्धा तिनं मला विचारलं नाही की त्या रात्री मी जागी होते का.

रोज दोन्ही वेळेला ती मला त्या ताटात वाढायची. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. मी अजून त्यातच जेवते.